रोज ऐकण्यासाठी सहा हजारांच्या आतला म्युझिक प्लेअर: काय बघून घ्यावा?

टेकडीवाला

नमस्कार मंडळी,

फोनपासून वेगळा, खिशात मावणारा म्युझिक प्लेअर घ्यायचा आहे. बजेट सहा हजार, त्यात मेमरी कार्ड बसलं तर उत्तम. वापर रोजचा: सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर तासभर चालताना, मग कात्रज ते शिवाजीनगर बसमध्ये येऊन-जाऊन दोन तास, आणि रात्री झोपताना अर्धा-पाऊण तास.

संग्रह साधारण ९० जीबीचा आहे. निम्मा एमपीथ्री, उरलेला सीडीवरून काढलेला फ्लॅक, म्हणजे आवाज न घटवता साठवलेल्या फाइली. शास्त्रीय गायन सगळ्यात जास्त, त्याखालोखाल नाट्यगीतं आणि भावगीतं, शिवाय दीड-दीड तासाची कीर्तनं. बऱ्याच फाइलींची नावं देवनागरीत आहेत. ऑनलाइन काही ऐकत नाही, म्हणून वायफायची गरज नाही. बटणं मात्र हवीत, खिशात हात घालून गाणं पुढे नेता आलं पाहिजे. इअरफोन वायरचा आहे, साधी ३.५ मिमीची पिन.

अठराशेपासून सहा हजारांपर्यंत सगळ्याच खोक्यांवर "हाय-फाय" आणि "लॉसलेस" छापलेलं असतं. कुठे २४ बिट, कुठे १९२ किलोहर्ट्झ. यातलं नक्की कशाला महत्त्व द्यायचं?

---

फोल्डरप्ले

२४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ हे आकडे तुमच्या यादीतून काढून टाका. तुमचा संग्रह सीडीचा, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. हा फ्लॅक वाजवता येणारा प्लेअर दोन हजारांतही मिळतो. फरक पडतो तो फाइल शोधण्यात, थांबल्या जागेवरून पुन्हा सुरू करण्यात आणि बटणांत. खोक्यावर या तिन्हींबद्दल काही लिहिलेलं नसतं.

पहिली गोष्ट फोल्डरनुसार वाजवणं. स्वस्त प्लेअर गाणी टॅग वाचून लावतात: कलाकार, अल्बम, प्रकार. आपल्याकडच्या संग्रहात हे टॅग निम्म्या वेळा रिकामे किंवा चुकीचे असतात. एकाच गायकाचं नाव चार स्पेलिंगांत असलं की यादीत चार गायक दिसतात. त्यामुळे कार्डवर तुम्ही जसे फोल्डर केलेत तसेच दिसतील आणि एक फोल्डर संपला की तिथेच थांबेल किंवा पुढच्यात जाईल, अशी सोय असलेलाच घ्या. मेन्यूत "फोल्डर व्ह्यू" किंवा "ब्राउझ फाइल्स" असं काहीतरी असतं. ते नुसतं दिसून उपयोग नाही. काही प्लेअर फोल्डर उघडतात, पण शफल लावलं की सगळ्या कार्डभर उड्या मारतात.

दुसरी गोष्ट रिझ्यूम. तुमच्या कीर्तनांसाठी हीच कळीची. प्लेअर बंद करून चालू केला की ५३ व्या मिनिटाला थांबलेली फाइल ५३ व्या मिनिटालाच सुरू झाली पाहिजे. बहुतेक स्वस्त प्लेअर फक्त शेवटच्या एका फाइलची जागा लक्षात ठेवतात. मध्ये एक भावगीत ऐकलंत की कीर्तनाची जागा गेली. यावर तोड म्हणजे बुकमार्कची सोय, ती असेल तर प्रत्येक फाइलला वेगळी खूण करता येते. नसेल तर लांब फाइली वीस-वीस मिनिटांत तोडून ठेवा. एमपीथ्रीडायरेक्टकट या फुकट प्रोग्रॅमने एमपीथ्री पुन्हा एन्कोड न करता तोडता येते, त्यामुळे आवाजाला धक्का लागत नाही.

तिसरी गोष्ट बटणं. आवाज कमी-जास्त करायला स्वतंत्र बटणं हवीत. काही मॉडेलांत पुढे-मागे आणि आवाज एकाच बटणावर असतात, थोडं दाबलं तर गाणं बदलतं, दाबून धरलं तर आवाज. खिशात हे कधीच नीट जमत नाही. सपाट स्पर्शबटणं तर नकोच, घामाच्या बोटांना ती दाद देत नाहीत. शिवाय लॉक केल्यावरही आवाज आणि पुढे-मागे चालू राहतात का, ते बघा.

आता मॉडेल. रुईझू, एजीपीटेक आणि तसलेच बरेच प्लेअर वेगवेगळ्या नावांनी येतात, पण सॉफ्टवेअर आतून जवळपास सारखंच असतं. बटणांचे, फ्लॅक वाजवणारे, ब्लूटूथसह किंवा त्याशिवाय. भाषण, कीर्तन, जुन्या रेकॉर्डिंगसाठी पुरेसे. सॅनडिस्कचे क्लिप मालिकेतले प्लेअर शर्टाला अडकवायला फार सोयीचे, पण त्यातल्या काहींना कार्डची जागाच नाही, आणि ९० जीबीला आतली ८ किंवा १६ जीबी कुठे पुरणार? तुमच्या बजेटच्या काठावर फिओच्या स्नोस्काय नावाखालचा एको मिनी येतो. टच नाही, बटणं आहेत, दोन सीएस४३१३१ डॅक चिप (फाइलीतले आकडे आवाजात बदलणाऱ्या), ३.५ आणि ४.४ मिमी अशी दोन्ही भोकं, आतली जागा ८ जीबी आणि कार्ड २५६ जीबीपर्यंत. आवाजाच्या स्वच्छतेत तो बाकीच्यांच्या बराच पुढे आहे. फक्त घेण्याआधी वरच्या तिन्ही गोष्टी त्यावर तपासून घ्या. चांगली चिप असली तरी कीर्तनाची जागा ती लक्षात ठेवत नाही, ते सॉफ्टवेअरचं काम.

जुन्या आयपॉडच्या मागे लागू नका. ॲपलने मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद केला. बाजारात जे फिरतात त्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, आणि क्लासिकमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. चालताना रोज धक्के बसून ती आधी जाते.

---

तिसरा_मजला

फोल्डरप्ले यांच्याशी सहमत. एक पर्याय मात्र राहिला: घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन. सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, म्युझिकोलेट टाका. हे ॲप भारतातच बनलेलं आहे, इंटरनेटची परवानगीच मागत नाही, फोल्डरनुसार वाजवतं आणि एकाहून जास्त रांगा ठेवतं. म्हणजे कीर्तन एका रांगेत, गाणी दुसऱ्या रांगेत, दोन्हींच्या जागा शाबूत. देवनागरी नावं अगदी नीट दिसतात. प्लेअरमध्ये ही सोय सहा हजारांतही अवघड आहे.

इअरफोनचं भोक नसेल तर यूएसबी-सीचा छोटा डॅक लागेल. ॲपलचा डॅक स्वस्त आणि स्वच्छ आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज मुद्दाम दाबल्यासारखा कमी येतो. फोनला लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

बटणांची अट असेल तर मात्र फोन बाद.

---

टेकडीवाला

दोघांचेही आभार. बटणं हवीतच, त्यामुळे प्लेअरच घेईन. कार्डबद्दल विचारतो: १२८ जीबीचं घेतलं तर चालेल ना? एका प्लेअरच्या माहितीत "टीएफ कार्ड, ३२ जीबीपर्यंत" लिहिलंय. आणि देवनागरी नावांचं काय करू? साडेतीन हजार फाइलींची नावं बदलायची म्हणजे वर्ष जाईल.

---

साठवण

टीएफ कार्ड म्हणजेच मायक्रोएसडी, वेगळं काही नाही.

३२ जीबीची मर्यादा बहुतेक वेळा कार्डच्या आकाराची नसते, फॉरमॅटची असते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ फॉरमॅटमध्ये येतात, ६४ आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये. स्वस्त प्लेअरला एक्सफॅट वाचता येत नाही, म्हणून तो "कार्ड नाही" म्हणतो. १२८ चं कार्ड फॅट३२ केलं की बऱ्याच प्लेअरमध्ये चालतं. विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट पर्याय ३२ जीबीच्या वर फॅट३२ दाखवत नाही, त्यासाठी रूफस हा प्रोग्रॅम वापरा: बूट सिलेक्शनमध्ये "नॉन बूटेबल" निवडा, फाइल सिस्टममध्ये "लार्ज फॅट३२", क्लस्टर ३२ केबी. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, गाण्यांना त्याची अडचण नाही. तरी ज्या प्लेअरवर घ्याल त्यावर लावून बघा, कारण काही जुन्या चिप खरोखरच ३२ च्या वरचं कार्ड ओळखत नाहीत. शिवाय काही मॉडेलांत फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते. साडेतीन हजार फाइली आहेत तर हे विचारून घ्याच.

जागेचा हिशोब सोपा आहे. ३२० केबीपीएस एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी खाते, म्हणजे तासाला १४४ एमबी. सीडीचा फ्लॅक मिनिटाला साधारण ५ ते ७ एमबी. कीर्तनाला ३२० ची काही गरज नाही, मोनो ६४ पुरे, तासाला २९ एमबीत काम होतं.

कार्ड नकली नाही ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. नकली कार्ड स्वतःला १२८ सांगतं पण आत ८ किंवा १६ च असतं. पहिल्या काही जीबीची गाणी नीट वाजतात आणि नंतरची अर्ध्यात तुटतात किंवा खरखरतात, आणि दोष प्लेअरवर जातो. त्यासाठी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ हा प्रोग्रॅम आहे. पूर्ण कार्ड लिहून परत वाचतो, १२८ ला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. गाणी भरण्याआधीच करा, कारण त्यासाठी कार्ड रिकामं लागतं.

देवनागरीचं खरं दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नसेल तर चौकोन दिसतात. दोन, फाँट असतो पण अक्षरं जोडण्याची व्यवस्था नसते. मग "किशोरी" मधली पहिली वेलांटी क च्या डावीकडे न येता उजवीकडे लटकते, "मूर्ती" मधला रफार पुढच्या अक्षरावर न चढता र आणि पाय मोडलेल्या चिन्हाच्या रूपात उघडा पडतो. दुसरा प्रकार वाचता तरी येतो. पहिल्यावर उपाय रोमन लिपीचा. पण नावं हातानं बदलायची गरज नाही. एमपीथ्रीटॅग हा प्रोग्रॅम घ्या, पूर्ण फोल्डर उघडा आणि टॅगांत रोमन माहिती असेल तर "टॅग टू फाइलनेम" ने सगळी नावं एका झटक्यात बदला. टॅगही देवनागरीत असतील तर निदान फोल्डरांची नावं रोमन करा आणि आतल्या फाइलींना फक्त 01, 02 असे इंग्रजी अंकांतले क्रमांक द्या. फोल्डर दोन-अडीचशे असतील, एका रविवारचं काम. मूळ संग्रह संगणकावर जसाच्या तसा ठेवा, बदल कार्डवरच्या प्रतीत करा.

टॅग जतन करताना आयडी३ (एमपीथ्रीच्या टॅगांची पद्धत) ची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडा. २.४ बऱ्याच स्वस्त प्लेअरना कळत नाही आणि रोमन टॅगसुद्धा कचरा दिसतात. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० च्या आत, साधं जेपेग. प्रोग्रेसिव्ह जेपेग असेल तर दिसत नाही, आणि चित्र फार मोठं असेल तर गाणं सुरू व्हायला दोन-तीन सेकंद लागतात.

क्रम चुकणं ही हमखास तक्रार. १, २, १० अशी नावं असतील तर प्लेअर १, १०, २ लावतो, म्हणून ०१ पासून सुरुवात. त्यानंतरही क्रम उलटासुलटा आला तर समजा की प्लेअर नावानुसार लावतच नाही, कार्डवर ज्या क्रमाने फाइली पडल्या त्याच क्रमाने वाजवतो. विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट, हे कार्डच्या नोंदवहीतला क्रम नावानुसार लावून देतात. नवी गाणी भरली की पुन्हा चालवायचं. दोन्ही फॅट३२ वर चालतात, हे फॅट३२ चं आणखी एक कारण.

मॅकवरून गाणी भरत असाल तर प्रत्येक गाण्याबरोबर टिंबानं सुरू होणारी एक लपलेली फाइल कार्डवर जाते. प्लेअर तिलाही गाणं समजतो आणि तिथे अडकतो. भरून झाल्यावर टर्मिनलमध्ये dot_clean ही आज्ञा कार्डवर चालवा.

---

खर्जातला_सा

आवाजाबद्दल थोडं सांगतो, कारण शास्त्रीय ऐकणाऱ्याला तीन गोष्टी जास्त बोचतात.

आवाजाची पातळी. जुनं रेकॉर्डिंग हळू, नव्या सीडीवरचं भावगीत कानठळ्या बसवणारं. दर गाण्याला बटण दाबावं लागतं. रिप्लेगेनचे, म्हणजे गाण्याची पातळी सारखी करायला सांगणारे टॅग स्वस्त प्लेअर वाचत नाहीत, त्यामुळे एमपीथ्रीगेन हा प्रोग्रॅम वापरा. तो फाइलीच्या आतला गेनचा आकडाच बदलतो, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांत, पुन्हा एन्कोड न करता. मूळ ठरलेली पातळी ८९ डेसिबल, तीच ठेवा. अल्बमसाठी "अल्बम गेन" निवडा, नाहीतर विलंबित आणि द्रुत एकाच पातळीवर येतात आणि मैफलीतला चढ मरतो.

खंड. ख्यालाचा विलंबित एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत दुसऱ्यात असतो, मध्ये तानपुरा मात्र सलग चालू असतो. गॅपलेस (दोन ट्रॅक मध्ये न थांबता जोडून वाजवण्याची सोय) नसलेला प्लेअर तिथे अर्धा सेकंद गप्प होतो, सा तुटतो. एमपीथ्रीत एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतोच, त्यामुळे हे जास्त जाणवतं. फ्लॅकमध्येही प्लेअर पुढची फाइल उघडायला वेळ घेत असेल तर खंड येतो. खात्रीचा उपाय: सीडीवरून काढतानाच पूर्ण राग एका फाइलीत घ्या. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये ठरावीक ट्रॅक मिळून एक फाइल करता येते.

तिसरी गोष्ट सूर. काही स्वस्त प्लेअरचं घड्याळ किंचित चुकीचं असतं, गाणं थोडं जलद किंवा संथ वाजतं. एक टक्का वेग वाढला तर सूर १७ सेंट चढतो (शंभर सेंट म्हणजे पेटीवरची एक पट्टी). नुसतं ऐकताना कळणार नाही, पण प्लेअरवरच्या तानपुऱ्याबरोबर रियाज करायचा असेल किंवा पेटी मिळवायची असेल तर त्रास होतो. ४४० हर्ट्झचा सूर, म्हणजे पांढरी सहा, फाइल म्हणून कार्डवर ठेवा आणि इअरफोन फोनच्या माइकजवळ धरून ट्यूनर ॲपमध्ये बघा. दोन-तीन सेंटचा फरक सोडून द्या, दहाच्या वर असेल तर तो प्लेअर नको.

इअरफोन १६ ते ३२ ओहमचा असू द्या. छोट्या प्लेअरची ताकद तेवढीच असते. पण फार संवेदनशील इअरफोन घेतला तर प्लेअरची स्वतःची "स्स्स" ऐकू येते, आणि आलापाच्या शांत जागी तीच समोर येते. आणखी एक: माइकवाल्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. काही प्लेअरच्या भोकात ती पूर्ण आत गेली की अर्थिंग नीट टेकत नाही. मग डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, मधोमध असलेला गायक विहिरीत गेल्यासारखा वाटतो आणि साथ मात्र मोठी. पिन मिलिमीटरभर बाहेर ओढून गायक परत आला तर दोष तोच, प्लेअर खराब नाही. दोन रेघांची साधी पिन घ्या.

बसमध्ये कानात घट्ट बसणारी रबरी टोकं लावा. इंजिनाची घरघर बाहेर राहिली की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलवर. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. तुमचे रोजचे पावणेचार तास म्हणजे आठवड्याला सव्वीस, ८० च्या आत राहिलात तर चिंता नाही. रस्ता ओलांडताना मात्र ती टोकं काढाच.

---

टेकडीवाला

इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन हातात घेऊनच निवडीन म्हणतो. दुकानात उभ्या उभ्या काय काय बघता येईल? ब्लूटूथचा विचार करावा का?

---

फोल्डरप्ले

घरून कार्ड तयार करून न्या. जुनं ८ किंवा १६ जीबीचं चालेल, फॅट३२ केलेलं. त्यात एक फोल्डर बारा छोट्या फाइलींचा, नावं ०१ ते १२, आणि संगणकावरून मुद्दाम उलट्या क्रमाने एकेक भरलेल्या. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी एक. एक देवनागरी नावाचं गाणं, त्यात रफार आणि पहिली वेलांटी असलेला शब्द. सत्तर मिनिटांची एक एमपीथ्री. सीडीचा एक फ्लॅक. विलंबित-द्रुतची एक जोडी. आणि वर सांगितलेला ४४० चा सूर.

दुकानदाराला आधीच सांगा की कार्ड लावून बघायचं आहे, आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका. आधी कार्ड घालून किती वेळात यादी तयार होते ते बघा. मग सत्तर मिनिटांची फाइल चाळिसाव्या मिनिटाला नेऊन प्लेअर बंद-चालू करा. पुढे नेताना बटण किती वेळ धरावं लागतं, तेही मोजा. काही प्लेअर दहा-दहा सेकंदच पुढे जातात, चाळीस मिनिटं गाठायला अंगठा दुखतो. आवाज एकवर ठेवून ऐका: रात्री झोपताना पहिली पायरीच मोठी असेल तर दुसरा बघा. विराम दाबून इअरफोन कानातच ठेवा, "स्स्स" कळेल. गल्लीतल्या गोंगाटात ती झाकली जाते, म्हणून इअरफोन दाबून धरा.

चार्जिंगची एक खोच. यूएसबी-सीचं भोक असूनही काही स्वस्त प्लेअर दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत. भोकाजवळ ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते वाचवलेले असतात, त्यामुळे नवा चार्जर वीजच सोडत नाही. खोक्यात आलेली ए-टू-सी केबल आणि जुना ५ व्होल्टचा चार्जर वापरा. लोक अशा वेळी प्लेअर बिघडला म्हणून परत करतात.

ब्लूटूथ तुमच्यासाठी गरजेचं नाही. स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा एसबीसी हाच साधा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत) असतो, बॅटरी लवकर उतरते, आणि कधी कधी फ्लॅक अडखळतो. तळजाईसारख्या मोकळ्या जागी तर आणखी एक गोष्ट होते: घरात भिंतींवरून लहरी परत येतात, टेकडीवर येत नाहीत, आणि आपलं शरीर त्या अडवतं. प्लेअर उजव्या खिशात आणि मुख्य इअरबड डाव्या कानात असेल तर आवाज तुटतो.

कार्ड दुसऱ्या दुकानातून घेतलंत तरी बिल घ्या. एच२टेस्टडब्ल्यू रात्री लावा आणि सकाळी निकाल बघूनच पाकीट फेका.